चिठ्ठीवाले फादर

निपाणीत वाळलेलं पान म्हटलं की तंबाखूच आठवते. त्यामुळे बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी मी डहाळ्या वाळवायला घेतल्या तेव्हा घरातले सगळे हसले. डहाळी छान वाळली. मी ती कागदावर चिकटवली आणि चिठ्ठीवर फक्त झाडाचं नाव लिहिलं. कुठं तोडली, कधी, कुणी, काहीच नाही. शीट परत आली. फार राग आला होता. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्याविषयी वाचलं आणि तो राग गेला.

फादर ब्लॅटर यांचा जन्म १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. येशूसंघात दाखल झाल्यावर १९०३ मध्ये ते मुंबईला, सेंट झेवियर्स कॉलेजात आले. तिथं १९०६ साली त्यांनी सुरू केलेला वनस्पतिसंग्रह म्हणजेच आजचं ब्लॅटर हर्बेरियम. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं दफ्तर. फुलासकट डहाळी कागदात दाबायची, कागद बदलत राहायचं, नाहीतर बुरशी ठरलेली. शेवटी शीटच्या कोपऱ्यात चिठ्ठी.

चिठ्ठी एवढी महत्त्वाची का? आपल्या सह्याद्रीतल्या व्हायबर्नमचंच बघा. जुन्या ग्रंथांत ही झाडं हनीसकलच्या कुळात असायची. आता त्यांचं कूळ वेगळं मानतात. कूळ बदललं तरी कोणत्या डोंगरावर, कोणत्या महिन्यात ते फुललं होतं हे चिठ्ठी सांगतेच. चिठ्ठी नसेल तर उरतो नुसता पाचोळा.

पहिलं महायुद्ध झालं तेव्हा मुंबईतल्या जर्मन येशूसंघीयांना देश सोडावा लागला. ब्लॅटर स्विस होते. इंग्लंडमधलं शिक्षण संपवून ते १९१५ साली परतले आणि कामाला लागले. पुढं काही वर्षं प्राचार्यपदही सांभाळलं. वाळवंटातल्या वनस्पती, ताडमाड, नेचे, काश्मीरची फुलं, सगळ्यांवर लिहिलं.

त्यांच्याबरोबर फिरणारा एक तरुण तर आपल्याच बाजूचा होता. चार्ल्स मॅकॅन. जन्म १८९९, कॅसलरॉकचा, म्हणजे लोंढ्याच्या पुढं, गोव्याच्या रेल्वेवर. ब्लॅटर १९३४ साली वारले. दुसऱ्या वर्षी मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं पुस्तक निघालं, त्यावर ब्लॅटरांच्या शेजारी मॅकॅनचं नाव आहे. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली. चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव लिहायची सवय असलेला माणूस सोबत्याचं नाव कसं विसरेल?

आपण सीमाभागातली माणसं. पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून भांडणं बघतच मोठी झालो. २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत ते बेलगाम असतं. पण नोंद असली की माणूस त्या जागेपर्यंत पोचतोच.

परवा आजीची ट्रंक उघडली. चर्चसमोर काढलेला एक जुना फोटो सापडला. त्यात नऊ माणसं आहेत. मागं काहीही लिहिलेलं नाही. आजी होती तेव्हा मी विचारलं नाही, आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही. मंडळातल्या सगळ्यांना एवढंच सांगते, या सुट्टीत घरी गेलात की फोटोंच्या मागं नावं, गाव आणि साल लिहून घ्या. पेन्सिलीनं लिहिलं तरी चालेल.