चोवीस रकान्यांचे संपादक बाबासाहेब

स्मरणिका काढणे म्हणजे काय असते ते आमच्या समितीतल्या मंडळींना विचारा. लेख मागायचे, जाहिरातींसाठी दुकानोदुकानी फिरायचे, छापखान्यात खेटे घालायचे, प्रुफे तपासायची. एक अंक निघेपर्यंत माणूस टेकीला येतो. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे काम दर पंधरा दिवसांनी केले, आणि तेही पगार न घेता. बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरांत माहीत आहे. महाड, नाशिक, पुणे करार, राज्यघटना, नागपूर हे लहान मुलेसुद्धा सांगतात. पण संपादक बाबासाहेबांबद्दल आपण फारसे बोलत नाही, म्हणून या वेळी तेवढेच लिहायचे ठरवले.

पहिले पत्र 'मूकनायक'. ३१ जानेवारी १९२० रोजी, शनिवारी, मुंबईत त्याचा पहिला अंक निघाला. ते पाक्षिक होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. त्या काळात ही रक्कम केवढी, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेल्या बाबासाहेबांचा महिन्याचा पगार साडेचारशे रुपये होता. नोकरी सरकारी, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. अग्रलेख मात्र बाबासाहेबांच्या हातचे. मथळ्यावर तुकाराम महाराजांच्या अभंगाच्या ओळी घातल्या होत्या. मुके राहिलेल्यांचा नायक, आणि बोल वारकऱ्याचे.

पत्र निघते आहे एवढी जाहिरात 'केसरी'त यावी म्हणून विनंती केली, पैसेही देऊ केले. ती छापली नाही. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते. पुष्कळ जण ही गोष्ट रागाने सांगतात, आणि राग येण्यासारखीच ती आहे. मला मात्र त्यातून वेगळेच दिसते. पैसे मोजूनही आपल्याला दुसऱ्याच्या कागदावर चार ओळींची जागा मिळत नाही, हे त्या दिवशी पक्के झाले. स्वतःचे पत्र हवे, हा हट्ट पुढे पस्तीस-छत्तीस वर्षे का टिकला ते इथे कळते.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. मागे पत्राचा कारभार ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे होता. पुढे बेबनाव झाला, हिशेबावरून वाद झाले आणि १९२३ साली, बाबासाहेब परतले त्याच सुमारास, 'मूकनायक' बंद पडला. त्यात कुणाचे किती चुकले याचा निवाडा आज इथे करण्यात अर्थ नाही. चार माणसे एकत्र येऊन बिनपगारी काम करतात तिथे हे होतेच. आपल्या मंडळांत होत नाही काय?

बाबासाहेब परत आले, बॅरिस्टर झालेले होते, पण अशील कुठे होते? परळच्या पोयबावडीला बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत संसार. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. दुसऱ्या वर्षी सोलापूरला वसतिगृह निघाले. सभेच्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे एक मासिक चालवले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पोरांच्या हातात आधी लेखणी द्यायची, अशी ती रीत होती.

जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला. बाबासाहेबांचा हा फार लाडका मुलगा. त्याआधीही लेकरे गेली होतीच. ते दुःख उरात घेऊनच मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, आणि पंधरा दिवस होत नाहीत तोच ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक काढला. या वेळी मथळ्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. महाडच्या प्रकारावर सगळीकडून टीकेचा भडिमार चालू होता. बाहेरच्या पत्रांनी काय छापायचे ते छापले. आता उत्तर द्यायला आपला कागद हाताशी होता, आणि बाबासाहेबांनी एकेकाला मुद्देसूद उत्तरे दिली. ती वाचताना आजही हसू येते. त्यांचा विनोद बोचरा होता, हे फोटो पाहून कळत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. लिहिणारे कुणी नव्हते. शिकलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतल्या लिहू शकणाऱ्यांना पोटामागे वेळ नाही. मग अंकाचे चोवीसच्या चोवीस रकाने बाबासाहेब एकटेच लिहून काढत. दिवसा कोर्ट, संध्याकाळी दामोदर हॉलमधल्या कचेरीत माणसांची रीघ, कुणाचे वतनाचे भांडण, कुणाची नोकरी. वर उदरनिर्वाहासाठी एका खासगी संस्थेत शिकवणे. असे वर्षभर चालले आणि त्याबद्दल त्यांनी एक पैसाही घेतला नाही.

आणि वर्गणीदार? ते वाढेनात. गरिबी होती हे खरे. पण गरिबीच एक कारण होते असे म्हणवत नाही. अंक एकाने घ्यायचा आणि सगळ्या चाळीने वाचायचा, किंवा वाचायला येते त्याच्याकडून ऐकायचा, अशी पद्धत. ऐकणारे पुष्कळ, पैसे देणारा एक. कर्ज वाढत गेले.

शेवटी ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात बाबासाहेबांनी समाजापुढे सगळा हिशेब मांडला. स्वतःविषयी लिहायची त्यांना सवय नव्हती, पण त्या लेखात त्यांना घरचेही सांगावे लागले. आपण परदेशी असताना संसाराची काळजी रमाईंनी रात्रंदिवस वाहिली, परत आल्यावर ओढगस्तीच्या दिवसांत शेणीचे भारे स्वतःच्या डोक्यावरून वाहायला त्यांनी मागेपुढे पाहिले नाही, आणि अशा बाईच्या सोबतीत दिवसातला अर्धा तासही आपल्याला काढता आला नाही, असे त्यांनी लिहिले आहे. पत्रासाठी लोकांकडे हात पसरताना त्यांनी ही कबुली दिली.

त्या लेखाजवळ मी दर वेळी थांबतो. रमाईंना किती वाचता येत होते, त्यांनी तो अंक पाहिला की नाही, देव जाणे (जुनी सवय आहे, तोंडून जाते!). पण पत्राला लागलेल्या पैशांत आणि वेळात त्यांच्या वाट्याचे किती होते, याचा विचार करा. वर्गणीदारांच्या यादीत त्यांचे नाव कुठे असणार?

मदत अगदीच मिळाली नाही असे नाही. पण पुरेशी नव्हती. १५ नोव्हेंबर १९२९ ला 'बहिष्कृत भारत' बंद झाला. मध्यंतरी जून १९२८ मध्ये समाज समता संघाचे 'समता' निघाले होते, त्याचे संपादक देवराव विष्णू नाईक.

दोन पत्रे बुडाल्यावर दुसरा कुणी असता तर नाद सोडला असता. बाबासाहेबांनी वर्षभरात 'जनता' काढले. २४ नोव्हेंबर १९३० ला त्याचा पहिला अंक आला तेव्हा ते स्वतः लंडनला गोलमेज परिषदेत होते. म्हणजे आता त्यांच्यावाचून पत्र काढणारी माणसे तयार झाली होती. देवराव नाईक होते, पुढे भास्करराव कद्रेकर होते, महाडला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. 'जनता' आधी पाक्षिक, मग साप्ताहिक झाले आणि पंचवीस वर्षे चालले. त्यात राजकारण होते, पण कथा-कविताही येत. बंधुमाधव यांच्या कथा याच पत्रातून आपल्या लोकांनी वाचल्या. दलित साहित्य हा शब्द सर्वांच्या तोंडी व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. चोवीस रकाने एकट्याने भरण्याचे दिवस मागे पडले होते.

४ फेब्रुवारी १९५६ ला 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. मुका नायक, बहिष्कृत भारत, जनता आणि आता प्रबुद्ध भारत. चार नावे ओळीने वाचली तरी आपला प्रवास समजतो. त्याच साली ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पत्र त्यांच्यामागेही काही वर्षे निघत राहिले. शंकरराव खरातांनीही त्याचे संपादन केले.

'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली वसंत मून यांच्या संपादनाखाली एका मोठ्या ग्रंथात छापले. 'मूकनायक'चे मात्र सगळे अंक मिळालेले नाहीत. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे परळ, नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींत राहिलेले आहेत. कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत, फळीवर अंथरलेला किंवा एखाद्या फोटोच्या पाठीमागे चिकटवलेला या पत्रांचा कागद सापडला, तर कृपा करून रद्दीत घालू नका. पिवळा पडलेला, फाटलेला, अर्धाच असला तरी चालेल. रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन या.