सुरतेच्या एका खटल्यातून निघालेले पुस्तक – ताराबाई शिंदे

फेब्रुवारी आणि मार्च हे वाचणाऱ्यांचे महिने. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो आणि लगोलग ८ मार्चला जागतिक महिला दिन येतो. तिकडे अमेरिकेत सबंध फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी राखलेला असतो. शाळाशाळांतून व वाचनालयांतून कृष्णवर्णीय लेखक-लेखिकांच्या पुस्तकांची वाचने होतात. या निमित्ताने आम्ही एका मराठी लेखिकेची ओळख करून देत आहोत. त्यांचे एकच पुस्तक आज आपल्याला उपलब्ध आहे, आणि ते लिहिण्याचे कारण आपल्या सुरतेत घडले होते. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या मराठी घरांतूनही ही गोष्ट सांगितली जात नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० च्या सुमारास वऱ्हाडात, बुलढाणा येथे झाला. बुलढाणा तसे आपल्याला अगदीच परके नाही. त्या जिल्ह्यातून वाहणारी पूर्णा पुढे तापीला मिळते आणि तेच पाणी आपल्या गावाशी येते! ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद. मुलीच्या हाती पाटी देणे लोकांना रुचत नसे, अशा काळात बापूजींनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. पुढे लग्न झाले, पण जावई घरजावई म्हणून आले. ताराबाई माहेरीच राहिल्या आणि त्यांचे वाचन सुटले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते.

१८८१ साली सुरतेत एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर, लोकलज्जेच्या भीतीने आपल्या नवजात बाळाचा जीव घेतल्याचा आरोप होता. न्यायालयाने तिला फाशी सुनावली. वरच्या न्यायालयात अपील झाल्यावर फाशी रद्द होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. याच सुरतेचे कवी नर्मद विधवाविवाहाच्या बाजूने लिहीत-बोलत आले होते, आणि त्यांनी स्वतः विधवेशी विवाहही केला होता. पण कायदा कागदावर राहिला आणि समाज आपल्या जागी राहिला. त्या मुलीला दुसरे लग्न करण्याची मोकळीक खरोखरच असती तर ती न्यायालयात उभी राहिली असती का?

वर्तमानपत्रांनी मात्र हा प्रश्न विचारला नाही. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्राने विजयालक्ष्मीच्या निमित्ताने सगळ्याच नव्या वळणाच्या स्त्रियांवर तोंडसुख घेतले. ते बुलढाण्यात ताराबाईंच्या वाचनात आले. विजयालक्ष्मी त्यांच्या नात्याची नव्हती, जातीची नव्हती, भाषेचीही नव्हती. तरीही त्या लिहायला बसल्या.

‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुस्तकाच्या लांबलचक नावातच, स्त्री आणि पुरुष यांत साहसी कोण, असा प्रश्न आहे. आज आपण साहस म्हणजे धाडस समजतो. त्या काळी या शब्दाला अविचारी, वाईट कृत्य असाही अर्थ होता, आणि ताराबाईंनी तो त्याच अर्थाने घेतला आहे. स्त्रियांना जे जे दोष लावले जातात, ते एकेक हाती घेऊन त्या पुरुषांपुढे आरसा धरतात. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग नवरा गेल्यावर बाईनेच जन्मभर कोपऱ्यात का बसावे, हा त्यांचा मुख्य सवाल. इंग्रजी बूट आणि कोट घालून हिंडणारे सुधारक घरच्या बायकांबाबत जुन्या रूढीला कसे चिकटतात, याचीही त्यांनी चांगलीच फिरकी घेतली आहे. पुराणांतल्या देवांनाही त्यांनी सोडले नाही. भाषा घरातली, रोखठोक, क्वचित शिवराळही. आमच्या मते पुस्तकाचा जीव या भाषेतच आहे. एखाद्या पंडिताने हेच विचार मांडले असते तर ते इतके झोंबले नसते.

ते झोंबलेच. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली. याच जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते. ताराबाई ज्या मंडळींत वाढल्या, त्यांना सातासमुद्रापलीकडच्या माणसांचे दुःखही आपल्या दुःखाच्या जवळचे वाटत होते.

ताराबाई १९१० च्या सुमारास वारल्या. पाचशे प्रती कुठल्या कुठे गेल्या आणि लेखिकेचे नावही विस्मरणात गेले. १९७५ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षातच, संशोधक प्रा. स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली होती.

योगायोग असा की त्याच १९७५ साली अमेरिकेतही असेच घडत होते. झोरा नील हर्स्टन ही फ्लोरिडात वाढलेली कृष्णवर्णीय लेखिका १९६० साली गरिबीत वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. अॅलिस वॉकर या तरुण लेखिकेने १९७३ साली ती जागा शोधून तेथे दगड बसविला आणि १९७५ साली त्यावर लेख लिहिला. त्यानंतर हर्स्टनच्या कादंबऱ्या पुन्हा छापल्या गेल्या, शाळा-कॉलेजांत लागल्या. खुद्द वॉकर यांना १९८३ साली कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि कादंबरीसाठी ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. मालशे आणि वॉकर या दोघांनी केले ते काम वाचकाचेच होते.

‘स्त्री-पुरुष तुलना’चे इंग्रजी भाषांतर रोझलिंड ओहॅनलन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केले. म्हणजे घरात मराठी बोलणारी पण मराठी वाचताना अडखळणारी मुलेही ते वाचू शकतील. आपल्या वाचनालयात मूळ पुस्तक आणि हे भाषांतर, दोन्ही शेजारी शेजारी असावीत, अशी आमची विश्वस्त मंडळींना विनंती आहे. विषय नाजूक असल्याने पालकांनी आधी स्वतः वाचावे आणि मग आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना द्यावे. वाक्ये लांब आणि जुन्या वळणाची आहेत, ती मोठ्याने वाचली की सोपी होतात. घरी आजी असेल तर तिला वाचून दाखवा. त्यातले पुष्कळसे शब्द तिला तुमच्या आधी कळतील.