न्यू लॅनार्कचे रॉबर्ट ओवेन

आळशी मजूर कोणता आणि पिचलेला मजूर कोणता, हा भेद पुष्कळ धन्यांस कळत नाही. ज्याच्या पोटात पुरेसे अन्न नाही, ज्याचे लेकरू घरी तापाने फणफणले आहे, आणि आपण अंथरूण धरले तर चूल कशी पेटेल असा घोर ज्याच्या जिवास लागला आहे, त्याचा हात कामावर कसा चालावा? हा भेद ज्यांनी ओळखला व आपल्या गिरणीत सिद्ध करून दाखविला, त्या रॉबर्ट ओवेन यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ओवेन यांचा जन्म वेल्समधील न्यूटाऊन या गावी १४ मे १७७१ रोजी झाला. दहाव्या वर्षी घर सोडून ते कापडाच्या दुकानी उमेदवारीस राहिले. पुढे मँचेस्टर शहरी त्यांनी गिरणीचा कारभार हाती घेतला, आणि १७९९ साली भागीदारांसह स्कॉटलंडातील क्लाइड नदीकाठची न्यू लॅनार्क येथील सूतगिरणी ६०,००० पौंडांस विकत घेतली.

१८०० सालच्या आरंभी ते तेथे कारभारी होऊन गेले. गिरणीवर सुमारे २,००० माणसांची वस्ती होती; त्यांत गरीबखान्यांतून आणलेली सुमारे ५०० मुले होती. दारू, चोरी व भांडणे यांस ऊत आला होता. नवा मालक आपल्यास अधिकच पिळील, अशा भयाने लोक त्यांच्या प्रत्येक सुधारणेस विरोध करीत.

ओवेन यांनी मारहाण बंद केली. प्रत्येकाच्या जागेपाशी चार रंगांचा एक लाकडी ठोकळा टांगला. काळा रंग पुढे असला तर आदल्या दिवशीचे वर्तन वाईट, पांढरा असला तर उत्तम, असे समजावे. गरीबखान्यांतून मुले आणणे त्यांनी थांबविले व दहा वर्षांखालील मुलांस कामावर घेईनासे झाले. घरे वाढविली, रस्ते झाडविले, आणि चांगला माल स्वस्त दराने मिळेल असे दुकान घातले. मजुरीचा साठावा भाग आजाऱ्यांच्या फंडात जमा होई. तेणेकरून दुखणेकऱ्याच्या घरी उपास पडत नसे.

तथापि लोकांची मने जिंकली ती एका संकटाने. १८०७ च्या अखेरीस अमेरिकेने आपला माल परदेशी पाठविण्यास बंदी केली. कापूस इतका महागला की गिरणी चार महिने थांबली. इतर ठिकाणी मजुरांस घरी बसविले. ओवेन यांनी मात्र कोणासही न काढता सर्वांस पुरी मजुरी दिली. त्यास ७,००० पौंडांहून अधिक खर्च आला. हा मनुष्य आपला आहे, अशी त्या दिवसापासून लोकांची खातरी झाली, आणि काम मनापासून होऊ लागले.

भागीदारांस हा खर्च पसंत नव्हता. त्यांनी ओवेन यांस दूर केले व १८१३ साली गिरणी लिलावात काढली. ओवेन यांनी नवे भागीदार मिळवून ती १,१४,१०० पौंडांस परत घेतली. गिरणीची किंमत जवळजवळ दुपटीने वाढली होती, यावरून माणसांवर केलेला खर्च बुडाला नाही हे उघड झाले. १८१६ साली त्यांनी शाळा उघडली. तीत पायाने चालू लागलेल्या बालकांसही घेत. त्याच वर्षी जेवणाचा वेळ वगळून कामाचे तास पावणेअकरा झाले. आज हे फारच वाटतात. त्या काळी ते थोडे गणले जात. मुलांच्या संरक्षणाचा १८१९ चा कायदा त्यांच्याच खटपटीने निघाला, जरी तो त्यांच्या इच्छेहून पुष्कळ दुबळा होता.

त्यांचे सर्वच बेत तडीस गेले असे नाही. १८२५ साली अमेरिकेत वसविलेली न्यू हार्मनी ही वसाहत थोडक्याच वर्षांत मोडली व त्यांचे बहुतेक धन बुडाले. धर्माविषयी त्यांची मते आमच्या मतांहून अगदी भिन्न होती, हेही आम्ही लपवीत नाही. १७ नोव्हेंबर १८५८ रोजी जन्मगावीच त्यांचा अंत झाला. न्यू लॅनार्क गाव अद्याप उभे असून २००१ साली त्याची जागतिक वारशात गणना झाली.

वाचकहो, आपल्या शेजारचा कोणी कामास ढिला दिसला तर त्यास बोल लावण्यापूर्वी त्याच्या घरी जावे. तेथे कोण आजारी आहे, चूल पेटली आहे की नाही, मुले कोणाच्या हवाली आहेत, हे आधी पाहावे. पुष्कळदा त्याच्या ढिलाईचे कारण तेथेच सापडते, आणि ते दूर करणे आपल्या हाती असते.