मोडलेला शब्द

श्रीलंकेतील तमिळ जनतेचे नेते एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांचे निधन २६ एप्रिल १९७७ रोजी झाले. बहुसंख्य हिंदू असलेल्या समाजाने या ख्रिस्ती गृहस्थास पित्याच्या ठायी मानले, यावरूनच त्यांची योग्यता ध्यानी यावी.

१८९८ साली मलायातील इपोह येथे जन्मलेले चेल्वनायकम जाफन्यात वाढले आणि कोलंबोत नामवंत वकील झाले. १९४७ साली ते संसदेत निवडून गेले. पुढल्याच वर्षी चहामळ्यांत राबणाऱ्या लक्षावधी भारतीय वंशाच्या तमिळांना कायद्याने नागरिकत्व नाकारले. जाफन्याच्या तमिळांना त्याची झळ नव्हती. तरी या अन्यायापायी चेल्वनायकमांनी आपल्या नेत्याची साथ सोडली व १९४९ साली संघराज्यवादी पक्ष स्थापिला. त्यांना फुटून निघावयाचे नव्हते. एकाच देशात मानाने नांदावयाचे होते.

१९५६ साली सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली. ५ जून रोजी गॉल फेस मैदानावर सत्याग्रहास बसलेल्या तमिळांना जमावाने झोडपले. त्याच्या दहाच महिने आधी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या गोळ्या झेलल्या होत्या. मार सोसूनही हात न उगारण्यास काय धैर्य लागते, हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

१९५७ साली पंतप्रधान बंडारनायके यांनी त्यांच्याशी करार केला; प्रादेशिक मंडळे आणि तमिळ भाषेस मान्यता देण्याचे कबूल केले. भिक्षूंनी निवासस्थानासमोर ठाण मांडताच १९५८ साली त्यांनी तो मोडला. पाठोपाठ दंगली उसळल्या. १९६१ चा सत्याग्रह लष्कर आणून चिरडण्यात आला. १९६५ साली डडली सेनानायके यांच्याशी झालेला करारही कागदावरच राहिला. अखेर १९७६ साली, व्याधीने जर्जर झालेल्या या संयमी पुरुषाच्या नेतृत्वाखाली वड्डुकोड्डै येथे स्वतंत्र राज्याचा ठराव झाला.

वर्षभरात ते गेले. १९८३ साली तमिळांचे शिरकाण झाले आणि पेटलेले युद्ध २००९ पर्यंत धुमसत राहिले. त्यात दोन्ही बाजूंच्या निरपराधांचा बळी गेला. १९८७ साली तमिळ राजभाषा झाली खरी. पण तोवर बोलणी बंदुकांच्या हाती गेली होती.

अल्पसंख्यांना दिलेला शब्द मोडणे बहुसंख्यांना फार सोपे असते. परंतु सनदशीर मार्गाने मागणाऱ्यास जे राज्य वारंवार रिक्त हस्ते परत पाठवते, ते त्याच्यामागून येणाऱ्या तरुणांना दुसरी वाट दाखवीत असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.