पिशारोथ राम पिशारोटी

पिशारोथ राम पिशारोटी (१० फेब्रुवारी १९०९ – २४ सप्टेंबर २००२) हे भारतीय हवामानशास्त्रज्ञ होते. भारतातील सुदूर संवेदनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

पिशारोटी यांचा जन्म केरळातील कोल्लेनगोडे येथे झाला. त्यांनी काही काळ सी.व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. पुढे ते भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ते पहिले संचालक होते. त्यानंतर विक्रम साराभाई यांच्या निमंत्रणावरून ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले.

नारळबागांचे हवाई छायाचित्रण

केरळातील नारळबागांना मुळांच्या मर रोगाने ग्रासले होते. या रोगाने झाड लगेच मरत नाही. पण उत्पन्न घटत जाते आणि बागायतदाराचा संसार डबघाईस येतो. लक्षणे झावळ्यांवर उमटत असल्याने जमिनीवरून प्रत्येक झाड तपासणे अवघड होते. १९७० मध्ये पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. निरोगी पाने अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, त्यामुळे अशा छायाचित्रात ती लालभडक दिसतात; रोगट झाडांचा रंग फिका पडतो. साध्या डोळ्यांना रोग स्पष्ट दिसण्यापूर्वीच तो ओळखता येतो, हे या प्रयोगातून पुढे आले. भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभ याच प्रयोगापासून मानला जातो.

महत्त्व

एका छायाचित्रातून झाडाचा विस्तार व आरोग्य कळते, उंची मात्र थेट मोजता येत नाही. त्यासाठी एकाच जागेची, एकमेकांवर आच्छादणारी छायाचित्रे वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यावी लागतात. दोन छायाचित्रांत झाडाचा शेंडा व बुंधा यांच्या जागेत पडणाऱ्या फरकावरून उंची काढतात. वनांची त्रिमितीय प्रारूपे याच तत्त्वावर तयार होतात.

१९८८ मध्ये भारताने आयआरएस-१ए हा सुदूर संवेदन उपग्रह सोडला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत आज उपग्रहचित्रांवरून जिल्हावार वनाच्छादन दिले जाते. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या विरळ वनांच्या जिल्ह्याचीही त्यांत स्वतंत्र नोंद असते.

सन्मान

पिशारोटी यांना १९७० मध्ये पद्मश्री, तर १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेचा आयएमओ पुरस्कार मिळाला.