जॉन स्नो: कॉलऱ्याचे मूळ पाण्यात शोधणारे डॉक्टर

जुलाब-उलट्या सुरू झाल्या की तुम्ही पहिला प्रश्न विचारता, काल बाहेर काय खाल्ले? त्याबरोबरच पाणी कुठले होते, हेही विचारायला हवे. या प्रश्नाचे महत्त्व जगाला दाखवून दिले डॉ. जॉन स्नो यांनी.

स्नो यांचा जन्म १८१३ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलला एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकू लागले. तिथे कोळसा खाणीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा रुग्णसेवेसाठी त्यांनाच पाठवले गेले. खाणीत शौचालय नव्हते, हात धुण्याची सोय नव्हती, आणि त्याच हातांनी कामगार जेवत. कॉलरा कसा पसरतो हे पुढे मांडताना स्नो यांनी या गोष्टीकडे लक्ष वेधले.

लंडनमध्ये त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून नाव कमावले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिले. त्या काळी बहुतेक डॉक्टर कॉलऱ्याचे कारण दूषित हवा मानत. स्नो यांचा तर्क सरळ होता: आजार आतड्यांत सुरू होतो, म्हणजे त्याचे कारण तोंडावाटे पोटात जात असणार.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात सुमारे दहा दिवसांत ५०० हून अधिक माणसे दगावली. स्नो यांनी घरोघरी चौकशी केली. बहुतेक मृत एकाच हातपंपाचे पाणी पीत होते. तेच पाणी आसपासच्या खाणावळींत दिले जाई, दारूत मिसळले जाई, पूड घालून सरबत म्हणूनही विकले जाई. त्यामुळे कधीही पंपावर न गेलेल्या माणसाच्या पोटातही ते जाऊ शकत होते. दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका बाईंना त्याची चव आवडे, म्हणून त्या ते मुद्दाम मागवत. त्याही कॉलऱ्याने गेल्या.

स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. शेजारच्या घरातील मैलाकुंडातून घाण विहिरीत झिरपत होती, हे नंतर उघड झाले. १८५८ मध्ये, ४५ व्या वर्षी, स्नो यांचे पक्षाघाताने निधन झाले. कॉलऱ्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे ठामपणे मांडला, तो १८८४ मध्ये.

तुमच्यासाठी यातला धडा असा: पाणी स्वच्छ दिसले, गोड लागले म्हणजे ते सुरक्षित असतेच असे नाही. बर्फ, चटणी, पाणीपुरी, कच्ची कोथिंबीर यांतूनही दूषित पाणी पोटात जाते. शंका असेल तर पाणी उकळून प्या. जुलाब लागल्यास पाकिटावरील मापाप्रमाणे ओआरएस लगेच सुरू करा. पेजेच्या पाण्यासारखे जुलाब, जुलाबात रक्त, सतत उलट्या, लघवी कमी होणे किंवा गुंगी दिसली तर रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या. आणि डॉक्टरांना खाण्याबरोबर पाण्याचीही माहिती द्या.