नारायण मल्हार जोशी

नारायण मल्हार जोशी ऊर्फ ना.म. जोशी (जन्म : ५ जून १८७९, मृत्यू : ३० मे १९५५) हे भारतीय कामगार चळवळीचे एक आद्य नेते होते. कामगाराला कामावरून काढण्याची मालकाची सत्ता नियमांच्या चौकटीत आणण्याच्या प्रयत्नांत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

जीवन

जोशी यांचा जन्म कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली. १९०९ साली ते भारत सेवक समाजात दाखल झाले व १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी ते एक होते. मध्यवर्ती कायदेमंडळात ते दीर्घकाळ कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते.

बडतर्फीचा प्रश्न

त्या काळी गिरण्यांतील भरती व बडतर्फी बहुतांशी मुकादमाच्या हाती असे. नोकरी मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी कामगाराला त्याला दस्तुरी द्यावी लागे. जोशी यांनी १९२१ साली कामगार संघटनांच्या नोंदणीसाठी व संरक्षणासाठी कायदा करण्याचा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. मात्र संघटनेत सामील झाल्याबद्दल कामगाराला काढून टाकण्यास या कायद्याने मनाई केली नव्हती.

१९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या संयुक्त समितीत जोशी होते. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने वेतनाबरोबरच नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या स्थायी आदेशांचीही छाननी केली. जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाचेही (१९२९-३१) जोशी सदस्य होते. भरतीचे काम मुकादमाऐवजी कामगार अधिकाऱ्याकडे असावे आणि व्यवस्थापकाने स्वतः केलेल्या बडतर्फीखेरीज कोणालाही त्या अधिकाऱ्याच्या संमतीवाचून काढू नये, अशी शिफारस आयोगाने केली.

प्रभाव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ साली औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा संमत झाला. शंभर वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना नोकरी संपवण्याचे, गैरवर्तनाचे व शिक्षेचे नियम लिहून प्रमाणित करून घेणे त्याने बंधनकारक केले. हे नियम न्याय्य आहेत की नाहीत, हे तपासण्याचा अधिकार प्रमाणन अधिकाऱ्याला मात्र जोशी यांच्या मृत्यूनंतर, १९५६ च्या दुरुस्तीने मिळाला.

मुंबईच्या गिरणगावातील डिलाईल रोडला ना.म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले आहे.